तीन सेंटिमीटरची घट

मापसाहेबांची उंची तीन सेंटिमीटर कमी भरली, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी दवाखान्यातल्या उंचीपट्टीवर आक्षेप घेतला. दुसरा कोणी असता तर हळहळला असता, फार तर पाठ ताठ करून पुन्हा एकदा मोजा म्हणाला असता. पण मापसाहेबांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्याच्या खात्यात झाली होती आणि त्या खात्यातला पहिला धडाच असा, की माल कमी भरला तर आधी काट्याकडे बघावं. इथे माल म्हणजे आपण स्वतः आहोत, ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ होती.

खरं तर ते गेले होते गुडघ्यासाठी. गुडघा सकाळी उठताना असा वाजायचा, की कोणी तरी दारावर टकटक केली असं समजून त्यांची बायको दोनदा दार उघडून आली होती. पण दवाखान्यात नवा नियम झाला होता, की पासष्टीपुढच्या माणसाचं काहीही दुखत असो, आधी वजन आणि उंची. सिस्टरनं त्यांना पट्टीखाली उभं केलं, वरची सरकती फळी डोक्यावर टेकवली आणि आकडा लिहिला. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा बघितला, नोकरीच्या वेळच्या तपासणीतला जुना आकडा बघितला आणि गुडघा बाजूलाच राहिला.

दोन सेंटिमीटर वयानं जातात, ते आम्ही धरूनच चालतो, असं त्या म्हणाल्या. यावर मापसाहेबांनी मान डोलावली. थोडीफार मुभा त्यांच्या खात्यातही असायची, प्रत्येक वजनाला असते. पण तीन म्हणजे हाडं विरळ झाल्याची शंका येते, तपासणी करून घ्या, आणि तोवर शिडी बंद.

"शिडीचं तुम्हाला कोणी सांगितलं?" मापसाहेबांनी विचारलं.

सोबत आलेली बायको छताच्या पंख्याकडे बघत होती.

आता ही शिडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. मापसाहेबांच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची उंच टाकी आहे. दर रविवारी सकाळी ते गच्चीचं कुलूप उघडायचे, टाकीला शिडी लावायचे, वर चढून झाकण सरकवायचे आणि खुणा केलेली लाकडी काठी पाण्यात सोडून पातळी बघायचे. मग खाली येऊन जिन्याजवळच्या फळ्यावर आकडा लिहायचे. त्या आकड्यावर इमारतीतल्या माणसांच्या आंघोळी ठरायच्या. आकडा कमी आला की वरच्या मजल्यावरच्या काकूंचे केस धुणं पुढे जायचं, आणि त्यावरून त्या मापसाहेबांशी बोलायच्या नाहीत. निवृत्तीनंतर मापसाहेबांच्या शब्दावर चालणारी जगात एवढी एकच गोष्ट उरली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मनात टाकीला पातळी दाखवणारं, विजेवर चालणारं यंत्र बसवायचं होतं, आणि गच्चीच्या किल्लीवर त्यांचा कधीपासून डोळा होता. किल्ली गेली की मापसाहेबांमधलं माप जाणार आणि नुसते साहेब उरणार. नुसत्या साहेबांना कोण विचारतं?

बायको टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. बोलणं कमी आणि तेही मुद्द्याचं, कारण तिच्या काळी तीन मिनिटांत कॉल तोडायचा असे. घरी आल्यावर तिनं चप्पल काढता काढताच विषय काढला.

"पुन्हा मोजून घ्या. दोनच्या आत भरलात तर चढा खुशाल. नाही भरलात, तर किल्ली द्यायची आणि हाडांची तपासणी करायची."

"पट्टीच चुकीची असली तर?"

"असू दे. पण एक लक्षात ठेवा. पडलेल्या माणसांच्या घरचे फोन मी तीस वर्षं जोडलेत. त्या फोनवर पडलेला माणूस कधी बोलत नाही, दुसरंच कोणीतरी बोलतं."

 मापसाहेब कबूल म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांकडून माप कबूल करून घेतलं, त्याच्या तोंडी तो शब्द जरा जड गेला, पण गेला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात हजर. सिस्टरनं सांगितलं की उंची वर्षातून एकदाच मोजतात. पुन्हा मोजायची तर पहिल्या मापाबद्दल शंका आहे असा डॉक्टरीणबाईंचा शेरा हवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला शंका नाही. शंका तुम्हाला आहे, तर पट्टी चुकीची असल्याचा दाखला आणा. आणि असला दाखला कोण देतं? वजनमापं तपासणारं खातं. मापसाहेबांना मनातून गुदगुल्या झाल्या. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा खात्याच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या.

त्यांच्या जुन्या खुर्चीत आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कनिष्ठ बसला होता. तो अर्धा उठला. अर्धाच का, तर पुरता उठायला खुर्चीचे हात आडवे येत होते. त्याचंही वजन मुभेबाहेर गेलेलं दिसत होतं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग फार हळू आवाजात सांगितलं, की साहेब, आपण विक्रीची मापं तपासतो, उंची कोणी विकत नाही. मापसाहेब म्हणाले, नियमाला अपवाद असतो. कनिष्ठ म्हणाला, अपवाद करायचा नाही असं परिपत्रक आहे, आणि खाली सही तुमची आहे.

तेव्हा मापसाहेबांनी आपली घरची पोलादी मीटरपट्टी बाहेर काढली. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी ती त्यांना मखमली पिशवीत घालून दिली होती. इतरांना शाल मिळते. सिस्टरचं लक्ष नाही असं बघून त्यांनी ती दवाखान्यातल्या उंचीपट्टीला लावली. सिस्टरचं लक्ष होतंच. पट्टी केसाच्या टोकाइतकीही चुकीची निघाली नाही. इतकी बरोबर निघाली, की क्षणभर त्यांना तिचा अभिमान वाटला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

हा हा म्हणता बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शरीरातलं एकही हाड दुखायचं शिल्लक ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी सांगितलं, लोंबकळा. त्यांच्या दिरानं म्हणे लोंबकळून लोंबकळून पाठ सरळ केली होती. मापसाहेबांनी पडद्याचा दांडा हलवून बघितला, भक्कम वाटला, आणि ते लोंबकळले. दांडा पडद्यासकट खाली आला. उंची होती तेवढीच राहिली, पण आता गुडघ्याच्या जोडीला खांदा आला. तळमजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर म्हणाले, उभ्या रेघांचा शर्ट घाला, उंच दिसाल. मापसाहेबांना ते सहन झालं नाही. दिसायचं नाहीये, भरायचंय, असं त्यांनी तोडून टाकलं. सेक्रेटरींनी तर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, की माणसानं वेळीच विश्रांती घ्यावी, किल्ली काय, कोणाकडेही राहील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मापसाहेबांच्या मते ते टाकीच्या पाण्यापेक्षा गढूळ होतं.

मात्र खात्यातला दुसरा धडा अजून शिल्लक होता. काटा बरोबर निघाला, तर माल कोणत्या स्थितीत मोजला ते बघावं. मापसाहेबांना आठवलं, की आपल्याला मोजलं ते संध्याकाळी, रांगेत उभं राहून राहून. त्यांनी घरी प्रयोग मांडला. दाराच्या चौकटीला पाठ लावून ते उभे राहायचे, बायको त्यांच्या डोक्यावर शब्दकोश आडवा धरायची आणि पेन्सिलीनं खूण करायची. सकाळची खूण आणि संध्याकाळची खूण यांत दीड सेंटिमीटरचा फरक आला. मापसाहेबांनी आधी चौकटीवर संशय घेतला, की लाकूड दमटपणानं फुगतं. म्हणून भिंतीवर मोजलं. तोच फरक. भिंतीवर संशय घेता येईना, तेव्हा त्यांनी बायकोच्या मनगटावर घेतला. मग शब्दकोश धरायला कोणी उरलं नाही, तेव्हा तो त्यांनी मागे घेतला.

वाचनालयात जाऊन त्यांनी पुस्तकं चाळली आणि उलगडा झाला. पाठीच्या मणक्यांच्या मधे मऊ गाद्या असतात. माणूस दिवसभर उभा राहिला, बसला, की त्या दबतात, त्यांच्यातलं पाणी निघून जातं आणि माणूस आखूड होतो. रात्री आडवा झाला की गाद्या पाणी पिऊन पुन्हा फुगतात. म्हणजे सकाळी माणूस उंच, संध्याकाळी बुटका. तरुणालाही हे लागू असतं, पण तरुणाला शिडी कोणी बंद करत नाही. मापसाहेबांनी पुस्तक मिटलं. दीड सेंटिमीटर परत मिळवला, तर घट दीडच. दोनच्या आत.

डॉक्टरीणबाई इतक्या कंटाळल्या होत्या, की शेवटी त्यांनी शेरा दिला: गुरुवार, सकाळी दहा, शेवटचं माप. आता प्रश्न असा, की दवाखाना दहाला उघडतो आणि पुस्तकाप्रमाणे, उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच बहुतेक कमाई निघून जाते. बसलं तर उभं राहण्यापेक्षाही जास्त दाब येतो. तेव्हा दहा वाजेपर्यंत उठायचंच नाही आणि दवाखान्यात जायचं तेही आडवंच, हाच एक शास्त्रशुद्ध मार्ग.

"हे जरा जास्त होतंय," बायको म्हणाली.

त्यांनी पुस्तकातलं पान दाखवलं. तिनं पान वाचलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि शब्दकोश कपाटात ठेवून दिला.

ॲम्ब्युलन्सवाल्यानं फोनवर विचारलं, पेशंटला झालंय काय? घट, असं मापसाहेबांनी सांगितल्यावर त्यानं फोन ठेवला. शेवटी कोपऱ्यावरचा किराणावाला मदतीला आला. त्याला मापसाहेबांनी नोकरीत असताना तीनदा दंड केला होता आणि तेव्हापासून त्याला त्यांच्याबद्दल विचित्र माया होती. मित्र विसरतात, दंड झालेला माणूस विसरत नाही. त्यानं आपली लांब हातगाडी देऊ केली. पण गाडी रस्त्यावर, आणि मापसाहेब दुसऱ्या मजल्यावर. कॉट जिन्याच्या वळणावर बसेना. टेबलाची फळी आखूड पडली. तेव्हा चित्रकलेच्या मास्तरांनी कागदावर रेघा ओढून दाखवून दिलं, की या जिन्यातून आडवा माणूस न्यायला एकच वस्तू योग्य मापाची आहे, आणि ती म्हणजे टाकीची शिडी.

सेक्रेटरींनी अर्ज मागितला. सोसायटीची शिडी आवाराबाहेर न्यायची तर कारण लिहून द्यावं लागतं. मापसाहेबांनी लिहिलं, मोजमापासाठी. हे कारण खरं असल्यामुळे सेक्रेटरींना नाही म्हणता येईना, पण शिडीला काही झालं तर, म्हणून ते स्वतः सोबत यायला तयार झाले.

गुरुवारी सकाळी मापसाहेबांना पलंगावरून शिडीवर घेण्यात आलं. शिडीवर गादी, गादीवर मापसाहेब, आणि घसरू नयेत म्हणून काकूंच्या दोन जुन्या साड्यांनी बांधलेले. पुढे किराणावाला आणि त्याचा हमाल, मागे मास्तर आणि सेक्रेटरी. वळणावर सेक्रेटरी म्हणाले, जरा उभी करू का, पटकन निघेल. मापसाहेब जिवाच्या आकांतानं ओरडले, की उभं करायचं नाही, सगळं खाली उतरेल. काय उतरेल ते सेक्रेटरींना कळलं नाही, पण त्यांनी शिडी तळहातावरच्या फोडासारखी जपून धरली, कारण खाली त्यांचे नवे बूट होते.

उन्हासाठी बायकोनं अंगावर पांढरी चादर घातली होती, गळ्यापर्यंत. हातगाडी रस्त्याला लागल्यावर मापसाहेबांच्या लक्षात आलं, की दोन्ही बाजूंची माणसं आपल्याला वरून बघताहेत. पासष्टी उलटलेल्या, सरकारी नोकरीतून सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसाला हे शोभत नाही. त्यांनी साडीतून एक हात सोडवून घेतला आणि चादर तोंडावर ओढली.

आता शिडीवर आडवा माणूस, त्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, सोबत गंभीर तोंडाची चार माणसं. बघणाऱ्यानं काय समजायचं?

पहिल्यांदा शिंपीकाका दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. मग समोरच्या भांडीवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. एक बस थांबली आणि तिच्यातून दोघं तिघं उतरून मागे चालू लागले. कोणीतरी किराणावाल्याला दबक्या आवाजात विचारलं, किती वाजता? दहा वाजता, किराणावाला म्हणाला, कारण दवाखाना दहाला उघडतो. एकदम झालं का? नाही, तो म्हणाला, थोडं थोडं करून झालं, पण कळलं उशिरा. तो बिचारा उंचीबद्दल बोलत होता.

मापसाहेब चादरीखाली सगळं ऐकत होते. उठून बसलं तर गाद्या दबणार, म्हणून ते आडव्यानंच म्हणाले, मी ठीक आहे, चालू द्या. नेमका तेव्हा शेजारून एक ट्रक गेला, आणि ते वाक्य फक्त अगदी जवळच्या फळवालीनं ऐकलं. ती गाडा सोडून मटकन खाली बसली. पुढे तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

मग लोक बोलू लागले. माणूस गेला, की लोक बोलतातच, आणि गेलेल्या माणसाला सहसा ते ऐकायला मिळत नाही. मापसाहेबांना मिळालं. दूधवाला म्हणाला, माझं माप त्यांनी दुकानासमोर ठेचून सपाट केलं होतं, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पण माझी पोरं हिशेब सरळ करायला शिकली ती त्यानंतर. शिंपीकाका म्हणाले, गज तपासायला यायचे, तर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आणि मागून कोणीतरी, आवाजावरून पेट्रोलपंपावरचा, म्हणाला, "कडक होता, तुसडा होता, पण खोटं माप त्यानं ना कधी दिलं, ना घेतलं."

 चादरीखाली मापसाहेबांना स्वतःचं वाईट वाटू लागलं. इतका चांगला माणूस गेला, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

दवाखाना उघडत होता. दारात सिस्टरनं मागची गर्दी बघितली आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. शिडी आत आणली, साड्या सोडल्या, आणि मापसाहेब चादर बाजूला सारून उठले. बाहेर एक किंकाळी आली आणि दोघंतिघं निघून गेले, पण मापसाहेबांना आता मागे बघायला वेळ नव्हता. एकेक क्षणाला मिलिमीटर गळत होता. ते शिडीवरून थेट पट्टीखाली गेले, टाचा भिंतीला, नजर समोर. सिस्टरनं फळी टेकवली.

"एकशे अडुसष्ट पूर्णांक चार," ती म्हणाली. घट दीडच्या जवळपास. दोनच्या आत.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींचं तोंड पडलं. डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मापसाहेब जिंकले होते. किल्ली त्यांची, शिडी त्यांची, फळा त्यांचा. तेवढ्यात किराणावाला त्यांच्या कानाशी आला. त्याच्या तोंडावर एखाद्या कसलेल्या कारागिराला दुसरा कारागीर भेटल्याचा आनंद होता.

"साहेब, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "आमचंही असंच असायचं. पोतं रात्री ओलं करून ठेवायचं, पहाटे काट्यावर, दुपारपर्यंत कोरडं. तुम्ही मला त्याच्यासाठीच तर धरलं होतं."

तो खरंच मनापासून म्हणाला. त्याच्या मनात टोमण्याचा लवलेश नव्हता, आणि तेच वाईट होतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

मापसाहेब पट्टीखाली उभेच राहिले. बाहेर दूधवाला खिडकीतून डोकावत होता, पंपावरचा त्याच्या मागे होता, आणि दोघांच्याही नजरेत जिवंत माणसाबद्दल जरा नाराजी होती.

"सिस्टर," मापसाहेब म्हणाले, "हे लिहू नका."

"लिहिलं."

"मग खोडा. माल ओला होता."

सिस्टरला काही समजलं नाही, आणि समजलं असतं तरी उपयोग नव्हता. शेऱ्याप्रमाणे हे शेवटचं माप होतं. शेवटच्या मापाबद्दल शंका घ्यायची सोयच कागदावर नव्हती. मापसाहेबांनी विनवण्या केल्या, परिपत्रकांचे दाखले दिले, अखेर स्वतःविरुद्ध लेखी तक्रार द्यायची तयारी दाखवली. सिस्टर म्हणाली, तक्रार दुसऱ्यानं दिलेली लागते. अशा रीतीनं ज्या माणसानं शेकडो वजनांवर नापासाचा शिक्का मारला, त्याला स्वतः नापास होता येईना. कागदोपत्री ते एकदम सुदृढ होते. कोणी त्यांची किल्ली घेऊ शकत नव्हतं.

घरी ते चालत आले. शिडी सेक्रेटरींनी ताब्यात घेतली होती. वाटेत अर्धं शटर ओढलेल्या भांडीवाल्यानं त्यांना समोरून येताना बघितलं आणि उरलेलं अर्धंही ओढून घेतलं.

बायको खिडकीत उभी होती. कशी काय झाली मोजणी, असं तिनं विचारलं नाही. जेवताना नाही, दुपारी नाही. संध्याकाळी मापसाहेबांनी स्वतःच कपाटातून शब्दकोश काढून तिच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. तिनं खूण केली. त्यांनी वळून बघितली. पोलादी पट्टी लावायचीही गरज नव्हती, पण लावली. तीनपेक्षा थोडी जास्तच घट होती.

"दवाखान्यात पास झालोय," ते म्हणाले. "कागद आहे माझ्याकडे."

"बरं," ती म्हणाली.

"कागद खोटा नाही. पट्टी बरोबर होती. आकडाही बरोबर होता." ते थांबले. "पण रविवारी टाकीवर मी संध्याकाळच्याच हाडांनी चढणार. म्हणजे सकाळी चढलो तरी. तू समजलीस ना?"

"समजले."

त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. बसताना गुडघा वाजला. दोघांपैकी कोणीही दाराकडे बघितलं नाही.

बायकोनं किल्ली उचलली, पण सेक्रेटरींकडे जायला ती उठली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही नोकरीत किती पोती उचललीत हो?"

"पोती?" मापसाहेबांना प्रश्नच अपमानास्पद वाटला. "मी कशाला उचलू? पोतं दुकानदारानं काट्यावर ठेवायचं. आपण बाजूला बसून बघायचं. निरीक्षकानं मालाला हात लावायचा नसतो, तो नियमच आहे."

"मग एवढी वर्षं टाकीवर कोण चढत होतं?"

 बारा वर्षं दर रविवारी आपण दुकानदाराचं काम करत होतो, हे मापसाहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं. खात्यातल्या कोणाला हे कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

सोमवारी त्यांनी हाडांची तपासणी करून घेतली. हाडं विरळ निघालीच, गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा आकार इतका मोठा की त्या गिळायलाच ताकद लागते असं त्यांचं म्हणणं. खांद्याला शेक, गुडघ्याला पट्टा. आणि सोसायटीच्या सभेत त्यांनी स्वतः उठून सांगितलं, की शिडीवर चढण्याचं काम मी सोडतोय, ते सेक्रेटरींनी करावं, मी फक्त तपासणी करीन. यंत्र येईपर्यंत, असं सेक्रेटरी म्हणाले. यंत्र प्रमाणित असल्याशिवाय लावता येत नाही, असं मापसाहेब म्हणाले, आणि ते प्रमाणित करायला किती महिने जातात हे खात्याबाहेरच्या कोणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी गच्चीवर सावलीत एक खुर्ची मांडलेली होती, शेजारी चहा होता. शिडीच्या टोकाला सेक्रेटरी एका हातानं टाकीची कड आणि दुसऱ्या हातानं काठी धरून उभे होते. वाऱ्यानं त्यांचा शर्ट फुगला होता. त्यांनी एक आकडा सांगितला. मापसाहेबांनी विचारलं, नजर पाण्याच्या पातळीला आणली होती का, की वरून तिरकं बघितलं? सेक्रेटरी म्हणाले, तिरकं. मग पुन्हा घ्या, मापसाहेब म्हणाले. सेक्रेटरींनी काठी पुसली, पुन्हा सोडली, वाकले, शिडी किंचित करकरली, आणि त्यांनी दुसरा आकडा सांगितला.

"दोन्ही वेळा वेगवेगळं येतंय हो," ते वरून म्हणाले.

मापसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि पाय लांब केले.

"मग तिसऱ्यांदा घ्या," ते म्हणाले. "सावकाश. मी बसलोय."